पंचवीस भोकांची फळी

"मेलं शाळेत एका पायावर उभं केलं म्हणे आमच्या बाळ्याला! दहा आकडे होईस्तोवर! ह्यात काय शिकवायचं ते? संडासाच्या रांगेत रोज सकाळी अर्धा तास एका पायावरच तर नाचत असतो तो."

सुंदराबाई नळावर बोलत होती. म्हणजे कुणाशी नव्हे, आपल्या हंड्याशी. पण तिचं हंड्याशी बोलणंही तिसऱ्या मजल्यापर्यंत जायचं. कौसल्या तिच्या मागेच उभी होती, इतकी चिकटून की सुंदराबाईच्या अंबाड्यातलं खोबरेल नाकात जात होतं.

"खडूच्या रेघेवरून चाला, टाचेला अंगठा लावून. चेंडू झेला. मणी ओवा. उद्या म्हणतील झोपाळ्यावरून उडी मारा, सर्कशीत भरती करतो." सुंदराबाईने हंडा बाजूला घेतला आणि मान वळवली. "तुझ्या बकुळीचं काय झालं गं?"

"शनिवारी सांगणार आहेत. बोलावलंय."

"बोलावलंय?" सुंदराबाईचा आवाज एकदम नळाच्या धारेइतका बारीक झाला. "आम्हाला नाही बोलावलं."

पुढे ती काही बोलली नाही. एरवी बोलायला लागली की नळ गेल्यावरच थांबणारी बाई. कौसल्याने हंडा धारेखाली सरकवला. काळाचौकीच्या त्या चाळीत कुणी गप्प बसलं की समजायचं, त्याला ठाऊक आहे.

शनिवारी तिने गिरणीतून अर्ध्या पाळीचा पास काढला आणि शाळा गाठली. बालोन्नती प्राथमिक शाळा म्हणजे लाकडाच्या वखारीवरच्या चार खोल्या. जिना चढताना सागाच्या भुशाचा वास यायचा, आणि खाली करवत चालू झाली की वर पाढे थांबायचे. व्हरांड्यात सात पोरांचे आईबाप उभे होते. बसायला काही नव्हतं. बाकं पोरांच्या मापाची, त्यात बसलं तर गुडघे हनुवटीला लागायचे.

हेरंब मास्तर बाहेर आले. गिरगावातून रोज ट्रामने येणारे, गळाबंद कोट घालणारे, बारा महिने तेरा काळ छत्री बाळगणारे. त्यांच्याबरोबर एक तरुण बाई होती. दादरच्या ट्रेनिंग कॉलेजातल्या अंबिकाबाई. गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, घड्याळ होतं. काळ्या दोऱ्यात ओवलेलं, टिचकी मारली की सुरू होणारं आणि टिचकी मारली की थांबणारं. हाता-डोळ्यांचा मेळ बसतो की नाही हे तपासायचं शास्त्र त्याच शिकून आल्या होत्या.

मास्तरांनी कागद डोळ्यांजवळ धरला. एकेकाचं नाव. प्रत्येक नावामागे आईबापांपैकी कुणीतरी पुढे व्हायचं आणि मान खाली घालून मागे जायचं, रेशनच्या दुकानात साखर संपली म्हणून सांगितल्यासारखं.

"बकुळा कोंडीराम परब. इयत्ता दुसरी. रेघेवर चालणे, चार वेळा पाय बाहेर. चेंडू, दहात दोन. मणी, मिनिटाला पाच. फळी..."

फळी तिथेच टेबलावर होती. वीतभर लांबीची लाकडी फळी, तिला पंचवीस भोकं, आणि शेजारी वाटीत पंचवीस खुंट्या. एका हाताने एकेक उचलून भोकात बसवायची. आधी उजव्या हाताने, मग डाव्या.

"फळी, उजव्या हाताने अकरा. डाव्या हाताने..." मास्तर थांबले.

"डाव्या हाताने शून्य," अंबिकाबाई म्हणाल्या. "तिने हात हलवलाच नाही. मी म्हटलं आता डावा, तर तिने तो पाठीमागे नेला, कमरेवर ठेवला आणि तशीच उभी राहिली. दोनदा सांगितलं. दोनदा तेच."

मास्तरांनी कागदावरून कौसल्याकडे पाहिलं. कौसल्याने मास्तरांकडे. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. मग मास्तरांनी नजर काढून घेतली आणि जरा मोठ्यानेच बोलले, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं:

"कौसल्याबाई, राग मानू नका. चेंडू झेलता येत नाही, मणी ओवता येत नाही, एक हात तर मेल्यासारखा. हिला पुढे तुमच्या गिरणीत झाडू मारायलासुद्धा कोणी घ्यायचं नाही."

कुणीतरी फिसकन हसलं. ज्याचं स्वतःचं पोर त्या सातांत होतं, तोच हसला. बुडणाऱ्याला शेजारचा आधी बुडाला की तेवढंच बरं वाटतं.

"मग आता?" कौसल्याने विचारलं.

"ह्या सातांची वेगळी तुकडी. मागच्या पत्र्याच्या खोलीत. माती, दोरी, कागदाच्या घड्या."

"आणि वाचायचं?"

"ते नंतर. हात सुधारल्यावर."

"नाही सुधारला तर?"

"त्या तुकडीला चौथीची परीक्षा नसते," मास्तर म्हणाले आणि कागदाची घडी घातली.

बकुळा तेव्हा जिन्याच्या पायरीवर बसून वखारीच्या पाटीवरची अक्षरं वाचत होती. मराठी वाचून झाली होती, आता खालची गुजराती जुळवत होती. घरी आजीला रोज नाक्यावरच्या फळ्यावरची बातमी तीच वाचून दाखवायची. सात वर्षांच्या पोरीला 'द्वैभाषिक' हा शब्द न अडखळता म्हणता यायचा. परीक्षेतल्या खुंट्यांना त्याचं काय.

कौसल्या वाइंडिंग खात्यात होती, बारा वर्षं. बॉबिनवरचं सूत पुठ्ठ्याच्या कोनावर चढतं, तुटतं, आणि तुटलं की बाईने धावून जाऊन गाठ मारायची. डाव्या हाताच्या चिमटीत एक टोक, उजव्याने वेढा, अंगठ्याखालून काढून दातांनी शेंडी तोडायची. डोळ्याला दिसेपर्यंत गाठ झालेली असायची. तिची गाठ खात्यात नावाजलेली. पुढे विणकामाच्या साच्यातून गेली तरी कापडावर फोड यायचा नाही.

त्या सोमवारी तिच्या गाठी फार घट्ट बसत होत्या. सूत कचाकच तुटत होतं, ती कचाकच आवळत होती. खात्याची मुकादम, नायकीण जाईबाई, मागून आली, पदराने घाम टिपत उभी राहिली.

"कौसल्ये, सूत बांधतेयस की कुणाचा गळा?"

"गळाच."

"कुणाचा, सांगून तरी ठेव. पोलीस आले म्हणजे नाव माहीत असलेलं बरं."

झाडू मारायलासुद्धा. बारा वर्षांत तिने जितक्या गाठी मारल्या तितकी अक्षरं त्या मास्तराने खडूने लिहिली नसतील, आणि तो व्हरांड्यात उभं करून सांगतो. ती त्याचा कोट डोळ्यांसमोर आणायची, त्याच्या गळ्याची गुंडी आणायची, आणि गाठ आवळायची.

आणि ह्याच जाईबाईने दोन वर्षांपूर्वी तानी नावाची एक पोरसवदा बाई चार दिवसांत खात्यातून काढली होती. तानी डावरी होती. हाताने चलाख, पण उभी राहायची उलटी. शेजारणीच्या कोपराला तिचं कोपर लागायचं, दोघींचं सूत तुटायचं. "साचा उजव्यांचा आहे बाई," जाईबाई म्हणाली होती, "तुझ्यासाठी उलटा कोण बांधून देणार?" तानी रडत गेटबाहेर गेली. त्या संध्याकाळी कौसल्या घरी आली तर बकुळा पाटावर बसून डाव्या हाताने भात खात होती. पाच वर्षांची होती. खुशीत होती.

कौसल्याने हातपाय धुण्याआधी जुन्या लुगड्याचा काठ फाडला. पोरीचा डावा हात पाठीमागे नेला आणि कमरेला बांधला.

"चेडवाचो हात तो, बैलाचो पाय न्हय बांधून घालूक," सासू रखमा चुलीपाशी पुटपुटली.

"तुम्ही गप ऱ्हावा. पुढे गिरणीत हिला कोण उभी करील?"

जेवताना बांधायची, लिहायला बसवली की बांधायची. पहिले चार-सहा महिने पोर आडवी-तिडवी पडायची. जिना उतरताना तोल जायचा, कारण धरायचा हात मागे. मग पडायची थांबली. नंतर बांधायला काठ लागेना, ती आपोआप हात मागे घेऊन पाटावर बसू लागली. शेजारणी कौतुक करायच्या. "वळण लावलंस हो," सुंदराबाई म्हणाली होती. तिनेच एकदा कौसल्या कामावर असताना स्वतः गाठ मारून दिली होती. नवरा कोंडीराम बघायचा आणि विडी पेटवायचा. त्याचं मत विडीच्या धुरातून कधी बाहेर आलं नाही.

आणि गेल्या वर्षी जूनमध्ये शाळेत घालताना कौसल्या हेरंब मास्तरांना म्हणाली होती, सगळे आईबाप म्हणतात तसं: "मास्तर, मांस तुमचं, हाडं आमची. डाव्या हाताला गेली की बिनधास्त फटका द्या. मी विचारायला येणार नाही."

मास्तरांनी फटके दिले. आखणीच्या पट्टीने, बोटांच्या पेरांवर, शिस्तीत. कौसल्या विचारायला गेली नाही.

हे सगळं तिला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि वर येऊ देणं वेगळं. भांड्यात खाली करपलेलं असतं, आपण वरवरचा भात वाढत राहतो, तसं.

मंगळवारी बाबुराव आला. बाबुराव चाळीतला समितीचा माणूस. नाक्यावरचा फळा त्याच्या ताब्यात. रोज सकाळी चाळीतली माणसं आधी तो वाचायची आणि मग नळावर जायची. मुंबई कुणाची, काल सभेत कोण काय बोललं, मोर्चा कुठून निघणार, सगळं रंगीत खडूने.

"वहिनी, पुढच्या गुरुवारच्या मोर्चाला तुमच्या माळ्यावरून किती बायका?"

"बायका येतील," कौसल्या म्हणाली. "पण बाबुराव, महाराष्ट्र आणाल तेव्हा आणाल. इथे आमच्या पोरीचा हात गेला, त्याचं कोण बघणार?"

"हात गेला म्हणजे?"

कौसल्याने सांगितलं. पट्टी सांगितली. पेरं सांगितली. अंबिकाबाईंचा कागद सांगितला, डावा हात शून्य. मेल्यासारखा हे शब्द मास्तरच्याच तोंडचे, तेही सांगितले. एकही खोटं सांगितलं नाही. फक्त सुरुवात मधूनच केली.

चुलीपाशी रखमाबाईने चिमटा खाली टाकला, जरा जोरात.

बुधवारी फळ्यावर मोर्चाच्या बातमीखाली लाल खडूने आलं: 'सात वर्षांच्या मुलीचा हात पट्टीने मारून निकामी! बालोन्नतीचे मास्तर जबाब देतील काय?' शेजारी बाबुरावने एक हात काढला होता. सहा बोटं झाली होती, पण भाव पोचत होता.

मास्तरांची ट्राम नाक्यावर थांबायची. उतरलं की समोर फळाच. ते थांबले, चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि छत्री उघडली. डोक्यावर ढग नव्हता.

मग रोजचंच झालं. नाक्यावरच्या हॉटेलात त्यांच्या पुढ्यातलं टेबल पोऱ्या पुसत बसायचा, पुसत बसायचा, चहा काही यायचा नाही. न्हावी म्हणायचा, "बसा मास्तर," आणि मागाहून आलेल्या तिघांची आधी करायचा. पानवाल्याकडे तंबाखू संपलेली असायची. मास्तरांची पाठ वळली की सापडायची. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात लावला नाही. चाळीला माणूस सोलायला सुरी लागत नाही.

कौसल्या पाळीवरून सुटली की धावत घरी यायची. चहा मागाहून, आधी गॅलरी. पाच-वीसला मास्तर परतीला नाक्याकडे जायचे. ते दिसेपर्यंत तिच्या छातीत धडधडायचं, नवी नवरी वाट बघते तसं. हे तिलाही कळत होतं आणि जरा लाजही वाटत होती, पण गोडी लाजेहून जास्त होती.

शनिवारी तर कमालच झाली. शाळा सुटल्यावर बाळ्याने पोरं जमवली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी केली. मास्तर मधून जायला लागले तसे सगळ्यांनी एकेक पाय वर उचलला. वीस-पंचवीस पोरं, सगळी बगळ्यासारखी, आणि एका सुरात: "एक! दोन! तीन! चार!"

मास्तर भराभर चालू लागले. "सात! आठ!" छत्रीचं टोक गटाराच्या जाळीत अडकलं, ते ओढायला वळले आणि गुडघ्यावर बसले. चष्मा पडला. तो चाचपताना त्यांचा हात दोनदा चष्म्याच्या शेजारून गेला. वरून स्पष्ट दिसत होतं. छप्पन्न-सत्तावन्न वर्षांचा हात.

ह्या हाताला मणी द्या ओवायला, कौसल्याच्या मनात आलं. आणि ती कठड्यावर वाकून मोठ्याने ओरडली, "मास्तर! रेघेवरून चाला!"

सगळी चाळ हसली. सुंदराबाई पोट धरून हसली. मास्तरांनी वर पाहिलं. इथे ते एक वाक्य बोलले असते तरी चाळीची तोंडं बंद झाली असती, आणि बोलले नाहीत. कारण त्या वाक्याच्या शेपटीला मी मारलं हे आलंच असतं, आणि शाळेच्या संस्थेत पोरांना मारायला बंदी होती.

त्या संध्याकाळी कौसल्याला भूक लागली. आठवड्यात पहिल्यांदा. बांगडा होता. तिने पोरीला काटे काढून दिले.

"आई, मास्तर पडले," बकुळा म्हणाली. डावा हात पाठीमागे होता.

"पडू देत."

"त्यांनी मला मारलं म्हणून?"

"हो."

"पण तूच तर त्यांना..."

कौसल्याने तिच्या तोंडात घास घातला. "खा आधी. काटा लागेल बोलताना."

रविवारी दुपारी अंबिकाबाई दारात उभ्या राहिल्या. बरोबर पिशवी, पिशवीत ती फळी. चाळीच्या तीन जिन्यांनी त्यांना धाप लागली होती. त्यांनी पोरीचा डावा हात मांडीवर घेतला, मनगट फिरवलं, एकेक बोट वाकवून पाहिलं.

"दुखतं?"

"नाही."

"माझं बोट दाब पाहू. जोरात." मग हसल्या. "अगं, मोडशील!"

परत निघताना त्या कौसल्याला जिन्याच्या वळणावर घेऊन गेल्या.

"हात चांगला आहे तिचा. उजव्याहून चांगला असावा. ती जन्माची डावखुरी आहे आणि कुणीतरी तिला डावा वापरू दिलेला नाही. आपल्या हाताची सवय मोडली की तोल जातो, डोळ्याचा अंदाज जातो. चेंडू कसा झेलणार ती?"

कौसल्या कठड्याच्या गजाचा रंग नखाने खरवडत राहिली.

"शुक्रवारी चौकशी आहे. बाबुरावांनी संस्थेकडे दिलेल्या तुमच्या तक्रारीत हात निकामी असं लिहिलंय. तसं ठरलं तर मास्तर जातील. पण मग ही पत्र्याच्या खोलीत जाईल. निकामी हाताची मुलगी वरच्या तुकडीत ठेवा असं मला लिहिता येणार नाही. आणि डाव्या हाताला नुसती बंदी केली होती असं कुणी सांगितलं, तर मी तिची तपासणी नव्याने करू शकते, डाव्या हाताने. पण सांगायला हवं कुणीतरी. माझ्या एकटीच्या शब्दाला संस्थेचे चिटणीस विचारत नाहीत, कालची पोर म्हणतात." त्यांनी चष्मा वर सरकवला. "बंदी कुणी केली, तुम्हाला काही माहीत आहे?"

"मी दिवसभर गिरणीत असते बाई," कौसल्या म्हणाली. "मला काय माहीत?"

अंबिकाबाई खाली उतरल्या. कौसल्या वळली तर वरच्या पायरीवर रखमाबाई उभी.

"माका इचारल्यानी तर मी खरां सांगतलंय," म्हातारी म्हणाली.

"विचारणार नाहीत तुम्हाला."

"ता पण खरांच." म्हातारी आत गेली.

गुरुवारी मोर्चा होता. बायकांनी कपाळाला बुक्का लावल्यासारख्या घोषणा लावून घेतल्या होत्या. निघण्याआधीच घसे बसले होते. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!' कौसल्याही ओरडली. आवाज मोठा, पण प्रत्येक 'पाहिजे'ला तिच्या डोळ्यांसमोर गळाबंद कोट यायचा. उद्या हा माणूस नाक्यावरून शेवटचा जाईल. छत्री घेऊन, कायमचा. मग लगेच दुसरं चित्र यायचं: पत्र्याची खोली, आणि आत माती मळत बसलेली पोर, एका हाताने. ती आणखी मोठ्याने ओरडायची.

परतताना कोंडीराम तिच्या बरोबरीने चालत होता.

"उद्या काय सांगणार?" त्याने विचारलं.

"फळ्यावर आहे तेच."

तो दहा पावलं चालला. "मास्तर गेले म्हणजे तिचा हात सुटेल काय?"

"दोन वर्षं जीभ कुठे ठेवली होती तुम्ही?" ती रस्त्यात थांबली. "मी बांधत होते तेव्हा समोर बसून विड्या ओढल्यात. तेव्हा एक शब्द बोलला असतात, एक, तर मी थांबले असते. आता कशाला बोलता?"

कोंडीरामने खिशात हात घातला. विडी काढली, पेटवली नाही.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर दुसरीच्या वर्गात माणसं जमली. संस्थेचे चिटणीस राजारामपंत मास्तरांच्या खुर्चीत. त्यांच्यासमोर दौत, टाक, कागद. एका बाजूला हेरंब मास्तर उभे. दुसऱ्या बाजूला बाबुराव आणि चाळीतल्या दहा-बारा बायका, सुंदराबाई पुढे. रखमाबाई भिंतीला टेकून खाली बसली होती. कोंडीराम दारात. खाली वखारीत करवत चालू होती. ती थांबेपर्यंत राजारामपंत हात वर करून बसले.

"तक्रार गंभीर आहे," करवत थांबल्यावर ते म्हणाले. "मास्तर, आपण ह्या मुलीला पट्टीने मारलंत?"

मास्तरांनी गळ्याची गुंडी चाचपली. "शिस्तीसाठी... अधूनमधून."

"नियम ठाऊक होता?"

"होता."

"कारण काय?"

मास्तरांनी कौसल्याकडे पाहिलं. तिने नजर हलवली नाही. सांगा. आहे धमक, तर सांगा. मास्तरांचे ओठ हलले आणि मिटले. मी सांगितलं म्हणून मारलं हे म्हणणं म्हणजे पस्तीस वर्षांच्या मास्तराने एका गिरणीवालीच्या पदराआड उभं राहणं. ते त्यांना जमेना. ती जिंकत होती. तिला अंगभर ऊब आली.

"बघा साहेब, उत्तर नाही!" बाबुराव म्हणाला. बायकांत कुजबुज झाली. राजारामपंतांनी टाक दौतीत बुडवला.

"एक मिनिट," अंबिकाबाई पुढे आल्या. त्यांनी फळी टेबलावर ठेवली, खुंट्यांची वाटी शेजारी. "हाताबद्दल लिहिण्याआधी तो आपण पाहावा. बकुळा, ये."

पोर आली. टेबल तिच्या छातीला लागत होतं.

"उजव्या हाताने आधी. चल." घड्याळाला टिचकी. पोरीने खुंटी उचलली, ती निसटली, घरंगळली. दुसरी उचलली. जिभेचं टोक बाहेर. खुंटी भोकाच्या कडेला घासायची, शेजारच्या भोकाकडे जायची. टिचकी. बारा.

"आता डाव्या हाताने."

बकुळाचा डावा हात उठला. टेबलाकडे नाही. पाठीमागे गेला आणि कमरेवर, मणक्याशी, उताणा टेकला. ती ताठ उभी राहिली, शहाण्या मुलीसारखी. इतक्या सफाईने तर तिने दिवसभरात काहीच केलं नव्हतं.

"पाहिलंत?" बाबुराव म्हणाला. "निकामी!"

"निकामी हात लोंबतो," अंबिकाबाई म्हणाल्या. "हा गेला, जागेवर जाऊन बसला. बकुळा, असं उभं राहायला तुला कुणी शिकवलं?"

पोरीने आईकडे पाहिलं. ती घाबरली नव्हती. उत्तर द्यायचं की नाही, एवढंच विचारत होती.

सुंदराबाई जमिनीवरचा खडूचा डाग बघू लागली. तिच्या मागच्या बायका एकेक करून खाली बघू लागल्या. कुणी पदर सारखा केला. कोंडीरामने चौकट धरली. रखमाबाई मात्र सुनेकडे बघत होती, पापणी न हलवता. राजारामपंतांनी टाक पुन्हा बुडवला; टोकावर शाईचा थेंब जमला.

"बाई, मुलगी बोलत नाही," ते म्हणाले. "मग आहे तेच लिहितो. डावा हात निकामी."

टाक कागदाला टेकला. मास्तरांनी डोळे मिटले. ह्याच घटकेसाठी कौसल्या दोन आठवडे जगली होती. ती आली होती, तिच्या पुढ्यात होती, आणि तिची लेक हात पाठीमागे घेऊन तिच्या हुकमाची वाट बघत उभी होती.

"थांबा," कौसल्या म्हणाली.

"वहिनी, तुम्ही नका..." बाबुराव म्हणाला.

"तू गप." ती टेबलाशी आली. आवाज तिचा तिलाच परका वाटला; साचे बंद पडल्यावर खात्यात बोललं की वाटतो तसा. मास्तर काही बोलायला पुढे झाले.

"तुम्हीही थांबा मास्तर. तुमचं मागून लिहितील, मी सोडणार नाही तुम्हाला." तिने राजारामपंतांच्या टाकाकडे बोट केलं. "ते खोडा आणि हे लिहा. हात निकामी नाही. हात मी बांधला. दोन वर्षं, रोज, जेवताना आणि लिहिताना, लुगड्याच्या काठाने. मास्तरांना मारा म्हणून सांगून गेले तीही मीच. आणि त्यांनी मारलं."

मग ती पोरीमागे गेली, तो कमरेवरचा हात सोडवला आणि टेबलावर वाटीशेजारी ठेवला.

"आता लावा तुमचं घड्याळ."